तिसऱ्या सीटवरची दस्ती

दस्ती म्हणजे रुमाल. पुण्याकडच्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरतं. आमच्या बीदर, भालकी, औरादच्या पट्ट्यात मात्र रुमाल शाळेच्या पुस्तकात असतो आणि खिशात असते ती दस्ती. मराठी बोलणाऱ्याच्या खिशात दस्ती, कानडी बोलणाऱ्याच्या खिशात दस्ती, औरादपलीकडच्या तेलुगू माणसाच्या खिशातही दस्तीच. शब्द आला दखनी उर्दूतून, तिच्यात आला फारसीतून. निजामाचं राज्य गेलं, शब्द मागं राहिला. दस्त म्हणजे हात. हाताशी असते ती दस्ती. दस्तखत म्हणजे हातचं लिहिणं, दस्ताना म्हणजे हातमोजा, आणि ज्याचा हात वरचढ तो जबरदस्त, त्यानं केलेली ती जबरदस्ती.

मी मराठी शिकवतो. दर वर्षी परभाषेतून आलेले शब्द हा पाठ आला, की मी हा एक शब्द फळ्यावर लिहितो आणि वरचं सगळं रंगवून सांगतो. पोरं खूश होतात, कारण घरातला शब्द फळ्यावर आलेला त्यांनी कधी पाहिलेला नसतो. मग मी फळा पुसतो आणि पुढच्या शब्दाकडं वळतो. ह्या शब्दाचं माझ्याकडं आणखी जे काही आहे, ते वर्गात सांगायची माझी छाती झालेली नाही.

आमच्याकडं दस्तीचा खरा उपयोग तोंड पुसायला होत नाही, बसमध्ये जागा धरायला होतो. गाडी मागं येत फलाटाला लागायच्या आत माणसं खिडक्यांखाली पळत सुटतात. टाचा उंच करून हात आत घालायचा, सीटवर दस्ती टाकायची आणि मग निवांत दारातून चढायचं. दस्ती पडली म्हणजे माणूस बसला. तो खाली चहा पीत असला, बायकोला शोधत असला, तरी जागा त्याची. भांडणं होतात ती दोन दस्त्या एकावर एक पडल्या तर. पडलेली दस्ती उचलून फेकली, असं आमच्याकडं होत नाही. का होत नाही म्हणाल, तर मला सांगता येणार नाही. कुठं लिहिलेलं नाही, कुणी शिकवत नाही.

माझ्या आज्याला ह्या गोष्टीचं फार कौतुक होतं. आमचं घर छप्पन्ननंतर बुद्ध झालेलं. त्याच्या जवानीत गावच्या दुकानाच्या ओट्यावर त्यानं घटकाभर ठेवलेली दस्ती दुकानदारानं काठीनं खाली उडवली होती. हाताला लागू नये म्हणून काठी. पुढं कधीतरी आजा बीदरहून उदगीरच्या गाडीत बसायला गेला, खिडकीतून दस्ती टाकली आणि चढून पाहतो तर गावचाच एक तालेवार माणूस त्या सीटपाशी उभा. म्हणाला, हे माझ्यापुढं बसणार काय? कंडक्टर म्हणाला, "दस्ती त्येंची हाय. तुमी मागं बसा." आजा उदगीरपर्यंत बसून गेला. ही हकिकत त्यानं मला निदान शंभर वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटी म्हणायचा, "गावात न्हाई, पर गाडीत माझ्या दस्तीला कुणी हात लावला न्हाई." मी त्या आज्याचा नातू. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

तीनेक वर्षांपूर्वीचा एक सोमवार. कलबुर्गीच्या, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याच्या, एका कॉलेजात मराठीच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. त्याआधी चार वर्षं मी इथं तासिका, तिथं शिकवणी असं करत लोंबकळत होतो. लग्न जमत नव्हतं, घरात कुणी उघड बोलत नव्हतं. इस्त्री केलेला शर्ट, फाईल, टिपणांची वही घेऊन सकाळी बीदरच्या स्टँडवर आलो आणि लक्षात आलं, घाईत दस्ती घरी राहिली. गाडी लागली. खिडकीतून टाकायला माझ्याकडं काही नाही. वही टाकावी तर वहीच हवी होती वाचायला. दारातल्या चेंगराचेंगरीतून आत गेलो, तर प्रत्येक सीटवर काही ना काही पडलेलं. दस्ती, टॉवेल, पिशवी, एका ठिकाणी तर हिरव्या मिरच्यांचं गाठोडं.

डावीकडच्या तिसऱ्या, दोघांच्या सीटवर निळ्या चौकटीची एक दस्ती पसरली होती. कडेला लाल दोऱ्यानं हातशिलाई घातलेली. मालक जवळपास नव्हता. तीन तास उभं राहून, घामानं शर्ट भिजवून मुलाखतीला जायचं, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी ती दस्ती उचलली, चुरगाळून पँटच्या खिशात कोंबली आणि खिडकीशी बसलो. एका श्वासात झालं. माझ्या मागोमाग चढलेली लेकुरवाळी बाई शेजारच्या जागेवर टेकली. तिनं पाहिलं होतं. तिनं पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली.

मिनिटभरात एक म्हातारा आला. धोतर, पांढरी टोपी. मागं त्याची बायको, तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलेलं. तिचे डोळे लाल होते आणि सारखे पाझरत होते. तो सीटपाशी थांबला, माझ्याकडं बघितलं, सीटकडं बघितलं.

"तम्मा, हितं माझी दस्ती व्हती." धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं तो मला तम्मा म्हणाला.

"न्हाई अप्पा," मी म्हटलं. "हितं काय नव्हतं."

तो वाकला. सीटखाली बघितलं, मागच्या सीटवर बघितलं. मला वाटलं, आता आरडाओरडा करणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं, तावातावानं बोलायची तयारी होती. पण तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "दुसऱ्याच गाडीत टाकलो का काय मी?"

बायको म्हणाली, "बगा की वं नीट. तुमचं असंच असतंय."

आणि ते दोघं उतरले. मला चोर म्हणायचं त्याच्या मनातही आलं नाही. पडलेली दस्ती कुणी उचलतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यामुळं चूक त्याची स्वतःचीच, एवढाच हिशेब त्याच्याकडं उरला. खिडकीतून मला दिसलं, तो शेजारच्या हुमनाबादच्या गाडीच्या खिडक्यांखाली उड्या मारत आत बघतोय, मग त्यापलीकडच्या गाडीच्या. सदऱ्याचं टोक धरून ती त्याच्या मागं फरपटतेय. आमची गाडी सुटली. मी वही उघडली आणि परभाषेतून आलेले शब्द ह्या मथळ्याखालची टिपणं वाचायला लागलो. खोटं कशाला सांगू, वाचून झाली सगळी.

मुलाखतीत तिघं बसले होते. मधल्यांनी विचारलं, "सीमाभागातले आहात. तुमच्या बोलीतला एखादा शब्द सांगा, बाहेरून आलेला. पुस्तकातला नको." माझ्या मांडीला खिशातला तो गोळा लागत होता. माझ्या तोंडून निघालं, "दस्ती." मग मी सुटलो. दस्त, दस्तखत, जबरदस्ती, सगळं सांगितलं. बसच्या सीटची रीत सांगितली. आज्याची गोष्टही सांगितली. शेवटी म्हणालो, "सर, सीटवर टाकलेली दस्ती म्हणजे आमच्यासाठी माणसाचा हात ठेवलेला असतो. तो कुणी उचलत नाही." कडेला बसलेल्या बाई "वा" म्हणाल्या. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं नव्हतं. मला वाटलं, जमलं.

बाहेर व्हरांड्यात येऊन तोंड पुसायला खिशात हात घातला आणि ती दस्ती बाहेर आली. एका टोकाला गाठ होती. सोडली. आत चार घड्या घातलेली चिठ्ठी, डोळ्यांच्या दवाखान्याची. त्याच दिवशीची तारीख, नंबर नऊ, आणि खाली कानडीत लिहिलेलं, डॉक्टर फक्त सोमवारी, दोन वाजेपर्यंत. एवढी मोलाची चिठ्ठी गाठीला बांधून त्यानं दस्ती खिडकीतून टाकली होती. कोण हात लावणार आहे म्हणून टाकली होती.

दुपारचा एक वाजून गेला होता. दवाखाना रिक्षानं वीस मिनिटांवर. पण आम्हा उमेदवारांना सांगितलं होतं, थांबा, चार वाजता निकाल कळवू. मी थांबलो. पहिल्या वेळी माझी मती फिरली होती असं म्हणता येईल. ह्या वेळी मी व्हरांड्यात बाकावर बसून, हातात चिठ्ठी धरून, सगळं नीट कळत असताना थांबलो. चार वाजता माझं नाव वाचलं गेलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर कधीच गेलेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, हो, एक म्हातारा-म्हातारी आली होती, अडीच वाजता, मागच्या गाडीनं. चिठ्ठीही नव्हती. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. मी चिठ्ठी पुढं केली. "कुठं मिळाली?" त्यांनी विचारलं. "रस्त्यात सापडली," मी म्हणालो. बोलावं लागू नये म्हणून मी लगेच वळलो. दस्ती माझ्याकडंच राहिली.

नोकरी लागली. खोली कलबुर्गीत, घर बीदरला. शनिवारी घरी जायचं आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत यायचं, हे सगळ्यांना सोयीचं पडतं. मी रविवारी संध्याकाळीच निघायला लागलो. आई चिडायची, म्हणायची, "कामून पळायलास रं? सकाळी गाड्या न्हाईत का?" मी म्हणायचो, सकाळी तास असतो. तो सोमवारचा म्हातारा परत दिसेल ह्या भीतीनं एक मराठीचा प्राध्यापक दर रविवारी आईच्या हातचं रात्रीचं जेवण सोडून पळत होता. दस्ती मी धुतली, इस्त्री केली आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली. टाकवेना आणि बघवेना.

ह्या वर्षी उन्हाळ्यात चुलतभावाचं लग्न रविवारी होतं. निघता आलं नाही. सोमवारी सकाळी स्टँडवर गेलो, आता माझ्याकडं स्वतःची पांढरी दस्ती असते. गाडी मागं येत होती. एवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला.

"तम्मा, माझा हात पुरंना. येवढी टाकताव का? नीट बगून टाका, गुलबर्ग्याच्याच गाडीत."

तोच. खांदे पडलेले, हातात काठी, सोबत कुणी नाही. त्यानं मला ओळखलं नाही. मी त्याची दस्ती घेतली, खिडकीतून टाकली. शेजारी माझी टाकली. चढलो, तर तो मला हातानं बोलवायला लागला. "या की हितं. तुमच्यामुळं जागा मिळाली."

बीदरपासून हुमनाबादपर्यंत त्यानं जे सांगितलं, ते मी न विचारता सांगितलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाण्याचा दाब वाढला होता. त्या सोमवारी मशीनवर घेणार होते. "म्या येडा, दस्ती दुसऱ्याच गाडीत टाकलो. चिठ्ठी बी गेली. दीड म्हैन्यानं गेलो तर डाक्टर म्हनला, लई उशीर केलाव." एक डोळा गेला. दुसऱ्यानं उजेड-अंधार तेवढा कळतो. लवकर नेलं असतं तर डोळा वाचला असता का, असं मी विचारलं. "काय म्हाईत," तो म्हणाला. "पर न्यायचं काम माझं व्हतं."

मग म्हणाला, ती काही बोलत नाही, त्याचंच जास्त लागतं. पोरं मात्र बोलतात. बाजार, बँक, दवाखाना, कशालाच आता त्याला एकट्याला पाठवत नाहीत. पाहुण्यांपुढं सून हसत सांगते, आमच्या मामांना गाडी कळत नाही. आज शेतात जातो म्हणून घरातून निघाला होता, तिच्या डोळ्यांत घालायचं औषध आणायला. "आज तरी आनून दावतो," म्हणाला.

हुमनाबादला गाडी दहा मिनिटं थांबते. निम्मी माणसं चहाला उतरली. मी बॅग उघडली, आतल्या कप्प्यातून ती निळ्या चौकटीची दस्ती काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "अप्पा, तुमी बरोबर गाडीतच टाकली व्हती. म्या उचललो." तिसरी सीट, माझं खोटं, व्हरांड्यातलं थांबणं, सगळं सांगितलं. मी रडतोय हे मला उशिरा कळलं.

त्यानं दस्ती उलगडली. लाल दोऱ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. माझ्याकडं बघितलंच नाही.

"म्हंजे म्या बरोबर टाकलो व्हतो," तो म्हणाला. थोड्या वेळानं परत, "बरोबर गाडीत टाकलो व्हतो."

गाडी सुटली, हुमनाबाद मागं पडलं. मला वाटत होतं, त्यानं शिव्या द्याव्यात, कानाखाली मारावी. तो म्हणाला, "घरी येऊन सांगा. माझं कोन ऐकंना."

"रविवारी येतो."

आता त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "याल का?"

"येतो अप्पा. शपथ."

"शपथ नको," तो म्हणाला. "तुमची दस्ती द्या."

मी माझी पांढरी दस्ती काढून दिली. त्यानं तिची घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग भालकीकडचं आपलं गाव आणि घर कुठल्या गल्लीत ते सांगितलं. उतरताना त्याला दवाखान्यापर्यंत सोडतो म्हटलं, तर म्हणाला, "मला ठाव हाय वाट."

मधले सहा दिवस मी न जाण्याची किती कारणं काढली, ते लिहीत बसलो तर वेगळं प्रकरण होईल. फोन नंबर त्याच्याकडं नव्हता, नाव त्यानं विचारलं नव्हतं. गेलो नसतो तर कुणाला कळलं नसतं. पण माझी दस्ती तिथं पडलेली होती.

रविवारी भालकीकडच्या त्या गावात विचारत विचारत घर गाठलं. ओसरीत प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या. एकीवर माझी पांढरी दस्ती पसरलेली. थोरला मुलगा दारात उभा होता, कोड्यात पडल्यासारखा म्हणाला, "तुमचीच का ती? सोमवारपासून अप्पा त्या खुर्चीवर कुणाला बसू देईनात. इचारलं तर म्हणतात, मानूस यायचाय."

म्हातारा आतून बायकोला हाताला धरून घेऊन आला, समोरच्या बाजेवर बसवलं. मग मला म्हणाला, "उचला. जागा तुमचीच हाय."

मी माझी दस्ती उचलली आणि बसलो. दोन मुलं, सुना, सगळे उभे होते. म्हातारीच्या मांडीवर निळ्या चौकटीची दस्ती होती आणि तिची बोटं त्या लाल शिलाईवरून पुढं-मागं फिरत होती. ती शिलाई तिनंच घातलेली, डोळे होते तेव्हा. मी सांगायला लागलो. मुलाखतीत इतकं सफाईनं बोललेला मी, इथं एकेका वाक्याला अडखळत होतो. शब्दाचा उगम वगैरे काही आठवलं नाही. मी उचलली, मी खोटं बोललो, मी थांबून राहिलो, एवढंच तीन-चार वेळा म्हणालो.

थोरल्याच्या हाताच्या मुठी वळलेल्या मी पाहिल्या, तो पाय आपटत पुढं आला. म्हातारीनं हात वर केला तसा तो थांबला. तिनं माझ्या दिशेनं तोंडसुद्धा वळवलं नाही. सुना जिथं उभ्या होत्या, तिकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "ऐकलाव का समद्यांनी? त्यांनी बरोबर गाडीत टाकले व्हते."

मग तिनं बाजूला हात पसरून नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक चाचपलं, मुठीत धरलं आणि म्हणाली, "त्या दिशी म्याच तुमाला बोलले. बगा की वं नीट, म्हनले."

म्हातारा तिच्या शेजारी बाजेवर बसला. मला माफ केलं असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही, आणि मला ते मागायचं धाडसही झालं नाही.

आता मी सोमवारच्या सकाळच्या गाडीनंच येतो. कधी कधी तो असतो, एकटा, औषध आणायला निघालेला. मी दिसलो की हातातली निळी दस्ती माझ्या हातात देतो, कारण त्याचा हात खिडकीला पुरत नाही. मी ती नीट बघून टाकतो. मग तो चढतो, आणि आपल्या सीटपाशी जाऊन दस्ती आहे का ते दर वेळी आधी बघतो.